जेवायला पुन्हा शिकताना

(सोलापुरातील महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला विषय दिला आहे 'तोंडाचा कर्करोग आणि स्त्रिया'. मी तंबाखूचे दुष्परिणाम सांगेन, चित्रं दाखवेन, अशी तुमची अपेक्षा असेल. ते काम व्हायलाच हवं. पण मी आज त्याच्या पुढचं बोलणार आहे. ऑपरेशन झालं, किरणोपचार संपले, डॉक्टर म्हणाले आता गाठ नाही, घरी जा. त्यानंतर घरी ती बाई जेवते कशी, एवढंच.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं. समुपदेशन शिकले, गटकार्य शिकले, योजनांचे अर्ज भरायला शिकले. माणूस घास गिळतो कसा हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईकडून शिकले. मी त्यांना अक्का म्हणते. वय बावन्न. घरात नवरा, यंत्रमागावर राबून आता घरी बसलेला. मुलगा, सून, एक नात. सासू-सून दोघी विड्या वळायच्या. पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या तर दिवस पदरात पडला.

अक्का लहानपणापासून मशेरी लावत होत्या. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भूक लागत नाही वो." मैत्रिणींनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. पहाटे उठून तव्यावर भाजलेली तंबाखू हिरड्यांना लावायची, म्हणजे सगळ्यांचं होईपर्यंत पोट गप्प बसतं. दाढ ठणकत असली तर तीही गप्प बसते. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ स्त्रियांपैकी १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. म्हणजे दर सहा बायकांत एक. पुरुषाची तंबाखू गप्पांबरोबर, पारावर, चार मित्रांत मळली जाते. बाईची मशेरी मोरीत, एकटीनं, आणि बऱ्याचदा जेवणाच्या ऐवजी. पण गाठ झाली की दवाखान्यात तिलाच पहिला प्रश्न, "कशाला लावत होतीस?" ती कशाला लावत होती हे खरोखर ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.

अक्कांच्या डाव्या गालाला आतून गाठ झाली. दुसऱ्या शहरात ऑपरेशन झालं. गाल, जबड्याचा काही भाग आणि त्या बाजूचे दात गेले, छातीवरची कातडी आणून गालाला लावली. मग आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे किरणोपचार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. नाकातून नळी घातली, तिच्यातूनच दूध, पेज, पाणी. खर्च योजनेतून झाला. २०१२ साली जी राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली आणि २०१७ साली महात्मा फुल्यांच्या नावाची झाली, तीच ही योजना. तिचा आधार मोठा आहे, ती नसती तर घर विकावं लागलं असतं. एक दिवस नळी काढली आणि सांगितलं, "आता तोंडानं खा. पातळ खा." एवढंच. शिक्षण संपलं.

आता माझी चूक सांगते. माझ्याकडे छापील कागद होता. सूप, कस्टर्ड, फळांचा रस, मऊ खिचडी. मी तो वाचून दाखवला, अक्कांनी मान डोलावली, मी वहीत 'आहाराबाबत मार्गदर्शन केले' असं लिहिलं. पंधरा दिवसांनी गेले तर वजन चार किलोनं उतरलेलं. बाई चहा आणि भाताच्या पाण्यावर होती. सून म्हणाली, "खातच नाहीत, हट्ट करतेत." मीसुद्धा आधी ते खरंच मानलं.

हट्ट नव्हता, भीती होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तांब्याभर पाणी प्यायला घेतलं आणि ठसका लागला. डोळे पांढरे झाले, श्वास अडकला. पातळ म्हणजे सोपं, असं आपण सगळ्या समजतो. पण ऑपरेशननंतर जीभ, गाल, घसा पूर्वीसारखे एकमेकांना साथ देत नाहीत. पाणी पळतं, ते आवरत नाही, आणि श्वासनलिकेकडे जातं. दाटसर पेज हळू उतरते, तिच्यावर ताबा राहतो. हे मला मुंबईच्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, तोवर पंधरा दिवस गेले होते. ज्या बाईला प्रत्येक घोटाला आपण मरणार असं वाटतं, तिला मी कस्टर्ड खायला सांगत होते! आणि कस्टर्ड त्या घरात कधी कुणी केलं होतं?

मग आम्ही चमच्यापासून सुरुवात केली. ताठ बसायचं, आडवं पडून कधीच खायचं नाही. अर्धा चमचा, उजव्या म्हणजे चांगल्या बाजूला ठेवायचा. हनुवटी छातीकडे वाकवायची, गिळायचं, मग तोंडात काही नसताना पुन्हा एकदा गिळायचं. खाकरायचं. आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचं. खाणं झाल्यावर अर्धा तास बसूनच राहायचं. खाण्याआधी आणि नंतर मीठ व खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं चूळ भरायची. (मान कशी धरायची हे प्रत्येकीच्या ऑपरेशनप्रमाणे वेगळं असतं, ते डॉक्टरांना किंवा वाचा-उपचार करणाऱ्यांना विचारूनच ठरवा. आणि खाताना वारंवार ठसका लागून ताप आला तर घरी बसू नका, छातीत गेलेलं असू शकतं.)

पहिल्या दिवशी पाच चमच्यांना पाऊण तास लागला. अक्का मोजत होत्या. विड्यांची जुडी पंचवीसची, म्हणून पंचवीस घोट गिळले की त्या म्हणायच्या, "एक जुडी झाली." तिसऱ्या आठवड्यात चार जुड्या होऊ लागल्या. असा हिशेब माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हता.

तोंड उघडण्याचं वेगळंच. किरणांनी जबड्याचे स्नायू आखडतात. आपली तीन बोटं उभी एकावर एक तोंडात मावतात, करून पाहा. अक्कांचं जेमतेम एक बोट जात होतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरायची, जमलं की एक काडी वाढवायची, दिवसातून पाच वेळा. जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर लगेच हा व्यायाम लागायला हवा, उशीर झाला की तोंड तसंच राहतं. अक्कांना उशीरच झाला होता. सहा महिन्यांनी दोन बोटं झाली, तिसरं आजपर्यंत नाही.

आणि चव. लाळ आटते, मीठ कळत नाही, गोड मातीसारखं लागतं. मिरचीचा कणसुद्धा आग लावतो. आपलं सोलापूर म्हणजे कडक भाकरी आणि शेंगा चटणी. या तोंडाला नेमकं तेच चालत नाही. पण आपल्याच चुलीवरचं दुसरं पुष्कळ चालतं, ते आम्ही एकेक करून शोधलं. हुलग्याच्या पिठाचं माडगं. आंबील. ज्वारीच्या कण्या ताकात मऊ शिजवून. भाकरीचा आतला भाग दुधात कुस्करून, चाळणीतून काढून. अक्कांच्या घरची पप्पू, म्हणजे डाळ, बिनमिरचीची, तूप घालून. शेंगदाणे रात्री भिजवून, वाटून, गाळून, गूळ घालून शिजवायचे. त्यानं सगळ्यात जास्त वजन धरलं. नुसती पेज पोट भरते, अंगी लागत नाही. तेल, तूप, शेंगदाणा, अंडं जे परवडेल ते तिच्यात गेलं पाहिजे.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं ना? खरा प्रश्न आता येतो. हे वाटायचं कुणी?

अक्कांच्या सुनेनं मला सरळ विचारलं, "ताई, दिवसातून सहा वेळा वाटत, गाळत बसले तर माझ्या विड्या कोण वळणार?" मला राग आला होता. संध्याकाळी घरी येऊन हिशेब केला, तेव्हा राग गेला. सासूचं काम बंद, तिची मजुरी बंद. सुनेचे रोज दोन-तीन तास वाटण्यात गेले तर तिच्याही विड्या कमी. म्हणजे अक्कांच्या प्रत्येक घासाची किंमत त्या पोरीच्या बोटांतून वसूल होत होती. तिला मी 'समजूतदारपणा' शिकवायला निघाले होते.

याच काळात मी त्याच वस्तीतल्या एका पुरुष रुग्णाकडे जात होते. ऑपरेशन तेच. त्याची बायको सगळं करत होती. गाळत होती, भरवत होती, त्याचं तोंड पुसत होती. वजन वाढत होतं, कागद पाहून मी खूश. एकदा तिला विचारलं, तुम्ही काय खाता? गाळणीत उरलेला चोथा, असं ती म्हणाली. हसत म्हणाली. तिनं काम सोडलं होतं, हे मी विचारलं म्हणून कळलं. पुरुष आजारी पडला की बाई त्याची चमचा होते. बाई आजारी पडली की ती स्वतःच स्वतःसाठी वेगळं रांधते, तेही सगळ्यांचं झाल्यावर, उरलेल्या जाळावर.

आम्ही अक्कांच्या नवऱ्याशी बोललो. आयुष्यभर यंत्रमागाचे तुटलेले धागे जोडलेले हात, ते शेंगदाणे वाटू शकत नाहीत काय? त्यांनी तीन आठवडे मनापासून केलं. मग कुणीतरी चेष्टा केली आणि बंद झालं. पुन्हा बोललो, पुन्हा सुरू झालं. आता करतात, पण दार लावून करतात. तेवढ्यावर आम्ही समाधान मानलं आहे. तुम्हाला हे कमी वाटेल. मलाही वाटतं.

एक गोष्ट सांगायला जड जाते. दुसरी एक बाई होती, तरुण. तिच्याकडे मी अक्कांच्या आधी जात होते, तोच छापील कागद घेऊन. तिच्या तोंडातून लाळ गळायची, म्हणून ती घरच्यांसमोर खायची नाही. सगळे झोपल्यावर खाते, असं सांगायची. खात नव्हती. डॉक्टरांना शेवटच्या तपासणीत पुन्हा गाठ सापडली नव्हती. तिचं वजन तीस किलोच्या खाली गेलं आणि एका साध्या तापात ती गेली. कागदावर कारण कर्करोगच लिहिलं आहे. मी तिला भुकेनं गेलेली मानते.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८२ साली नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय सुरू झालं, आणि १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथंच सुरू झाली. गावोगाव फिरून माणसांनी नोंदी केल्या, म्हणून खेड्यातल्या बायकांचे कर्करोग कागदावर तरी आले. नोंद केल्याशिवाय प्रश्न दिसत नाही, हे मी तिथून घेतलं. ती तरुण मुलगी गेल्यावर मी माझ्या वहीत तीन रकाने वाढवले. वजन किती. तोंड किती बोटं उघडतं. आणि कोणाबरोबर जेवते. तिसरा रकाना पाहून एका डॉक्टरांनी विचारलं, याचा काय संबंध? पण वही उघडून बघा, 'एकटी' असं जिथं लिहिलं आहे तिथं वजन उतरलेलं आहे. माझी वही लहान आहे, हा काही अभ्यास नव्हे. तरीही मी तो रकाना खोडणार नाही.

आपण काय मागायचं? क्षयाच्या रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून सरकार महिना ५०० रुपये देऊ लागलं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. औषधाइतकंच अन्न लागतं हे तिथं सरकारनं मान्य केलं आहे. माझ्या माहितीतल्या एकाही तोंडाच्या रुग्ण बाईच्या हाती असं काही आलेलं नाही. ऑपरेशनला पैसे आहेत, पण मिक्सर, दूध, अंडी आणि वाटणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी हा घरचा प्रश्न. घरचा प्रश्न म्हणजे बाईचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. नळी काढण्याआधी रुग्णाला आणि घरातल्या एका पुरुषालाही समोर बसवून गिळायला, भरवायला शिकवावं, ही मागणी आपण लेखी द्यावी. अर्जाचा मसुदा मी आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवला आहे. त्यात 'एका पुरुषालाही' या शब्दांवर काही मैत्रिणींचा आक्षेप आहे, म्हणे त्यामुळे अर्ज अडेल. त्यावर दुपारी बोलू.

तोवर वस्तीत काय करता येईल? अक्कांच्या गल्लीत चौघींनी वाटून घेतलं आहे. एकीच्या घरी मिक्सर आहे, तिथं सकाळी सगळ्या दिवसाचं वाटण होतं. दुसरी गाळते. वीज गेली तर पाटा आहे. सून विड्या वळते. आणि दुपारी दीडला एकजण आपलं ताट घेऊन अक्कांकडे जाऊन बसते, बस्स.

अक्का आज इथं आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सगळं बोलले, आणि मशेरीचं सांगायला त्यांनीच सांगितलं. त्यांचा डबा त्यांनी आणला आहे. आपलं जेवण एकला आहे, पण त्यांना जेवायला तास लागतो. म्हणून त्या साडेबाराला बसतील. दोघी-तिघी त्यांच्याबरोबर बसा. त्यांच्या तोंडाकडे बघत राहू नका, मध्येच बोलायला लावू नका. आपापलं जेवा.