दुष्काळ ठरवायचा कोणी?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘कायदा आणि वस्तुनिष्ठ निकष’ असा छापला आहे. मी तो दुष्काळाच्या अंगानं मांडणार आहे. सरकारदरबारचा एखादा आकडा माणसाच्या घरापर्यंत कसा पोचतो, हे दुष्काळाच्या निर्णयात जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठं दिसतं.

आपल्या महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर झाला की आठ सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज असेल तिथं टँकर आणि थकबाकीसाठी पंपाची वीज न तोडणं. आपल्या भागाचं नाव यादीत नसेल, तर यातलं काहीच दुष्काळग्रस्त म्हणून मागता येत नाही. शिवेच्या दोन्ही बाजूंचं सोयाबीन सारखंच करपलेलं असू शकतं. मग ही रेघ कशाच्या आधारावर आखली, आणि ती चुकली असं वाटलं तर विचारायचं कोणाला?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अधिकाऱ्याचं काम सोपं व्हावं एवढ्यासाठी निकष नसतो. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्याला त्या निर्णयाचा जाब विचारता यावा, यासाठी तो असतो. ज्या निकषाला सामान्य माणूस प्रश्न विचारू शकत नाही, तो कितीही शास्त्रीय असला तरी न्यायाच्या कामाचा नाही.

आपल्याकडचा जुना मापदंड पैसेवारीचा. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा ती आणेवारी होती. हिशेब सरळ आहे: गावातलं प्रमाण उत्पन्न शंभर पैसे धरायचं आणि यंदाचं पीक त्याच्या किती पैसे आलं ते काढायचं. पन्नास पैशांच्या आत आलं तर गाव टंचाईत. खरिपात आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे लोक या कामात असतात.

या पद्धतीचं मोठं बळ असं की ती गावात घडते. कोणत्या शेतात पीक कापलं, किती भरलं, हे चार लोकांनी पाहिलेलं असतं. पण तिच्यात दोन दुखणी आहेत. पहिलं वेळेचं. अंतिम आकडा येईपर्यंत हंगाम सरलेला असतो आणि चाऱ्याचा, पाण्याचा, फीचा प्रश्न दारात उभा असतो. दुसरं दबावाचं. एकोणपन्नास आणि एक्कावन्न पैशांत शेतकऱ्याच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही, पण सवलती मिळणं न मिळणं त्या दोन पैशांवर ठरतं. जिथं एवढं काही दोन पैशांवर अवलंबून असतं, तिथं आकडा वर-खाली करण्याचा मोह आणि दाब दोन्ही येतात.

2015-16च्या दुष्काळात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर न्या. मदन लोकूर आणि न्या. एन. व्ही. रमणा यांच्या पीठानं 11 मे 2016 रोजी निर्णय दिला. बिहार, गुजरात आणि हरियाणा या राज्यांनी दुष्काळ मान्य करायला केलेली टाळाटाळ न्यायालयापुढं होती. न्यायालयानं दुष्काळ जाहीर करण्याचा अधिकार राज्यांकडून काढून घेतला नाही. मात्र पाऊस, पेरणी, जमिनीतली ओल असे जे निर्देशक आहेत त्यांना योग्य वजन द्या, आणि केंद्रानं आपली दुष्काळ संहिता वर्षअखेरीपर्यंत सुधारावी, असं बजावलं. डिसेंबर 2016 मध्ये नवी संहिता आली.

तिची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. आधी पाऊस पाहायचा: सरासरीच्या मानानं तूट किती आणि सलग कोरडे आठवडे किती. तिथं खूण पटली की परिणाम पाहायचे: पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल आणि जलाशयांतलं व भूगर्भातलं पाणी. त्यानंतर दहा टक्के गावं यादृच्छिक पद्धतीनं निवडून शेतात प्रत्यक्ष जायचं. खरिपाचा दुष्काळ जाहीर करायला 30 ऑक्टोबर ही मुदत. म्हणजे पैसेवारीचं वेळेचं दुखणं बऱ्याच अंशी दूर झालं आणि दाबाला जागा कमी झाली. हे श्रेय संहितेला दिलंच पाहिजे.

आता हा निकष आपल्याकडं कसा चालला ते पाहू. 2018च्या ऑक्टोबरात आधी 180 तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. शेतातल्या पडताळणीनंतर 31 ऑक्टोबरला 151 तालुके यादीत राहिले, 112 तीव्र आणि 39 मध्यम. पडताळणीनं फरक पडतो, हे यातून दिसतं. पण वगळलेल्या तालुक्यांतही होरपळलेले भाग होतेच. मग सरकारनं दुसरी कसोटी लावली: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरच्या आत असेल, तर ते महसुली मंडळ दुष्काळसदृश. 2023 मध्ये तसंच घडलं. 31 ऑक्टोबरला 40 तालुके जाहीर झाले, 24 तीव्र आणि 16 मध्यम. राज्यभरातून ओरड झाली आणि नोव्हेंबरात त्याच कसोटीवर हजाराहून अधिक मंडळांना सवलती देण्यात आल्या.

कोणी म्हणेल, ही निकषाची फजिती झाली. मला तसं वाटत नाही. तालुका हे एकक फार मोठं आहे, त्याच्या सरासरीत कोरडी मंडळं बुडून जातात, हे लोकांनी दाखवून दिलं आणि सरकारला ते मान्य करावं लागलं. हा वाद घालता आला, कारण आकडे समोर होते. पण दुरुस्ती ओरड झाल्यावर झाली. ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याच वेळी आणखी एक गोष्ट पुढं आली. मंडळांचं विभाजन होऊन काही नवी मंडळं झाली होती आणि तिथं पर्जन्यमापकच बसलेले नव्हते. पाऊस मोजायची सोय सरकारनं केली नाही आणि पावसाच्या आकड्यावर मदत ठरणार, अशी गाठ पडली. मापकाशिवायचा निकष म्हणजे वजनांशिवायचा तराजू. त्या मंडळांसाठी नंतर वेगळा निर्णय करावा लागला.

कायद्याचं तत्त्व इथं काय सांगतं? घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदानं समानतेचा हक्क दिला आणि मनमानी ही समानतेची वैरीण आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1970च्या दशकात स्पष्ट केलं. 1979चा एक निर्णय तर मुंबईचाच. विमानतळावर उपाहारगृह चालवण्यासाठी प्राधिकरणानं निविदा काढली. अट होती नोंदणीकृत हॉटेलचालक म्हणून पाच वर्षांच्या अनुभवाची, आणि काम दिलं गेलं ती अट पूर्ण न करणाऱ्याला. न्या. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात म्हटलं की सरकारी संस्थेनं जे निकष स्वतः जाहीर केले, त्यांनी ती स्वतः बांधलेली आहे. याचिका करणाऱ्याला त्या खटल्यात दिलासा मिळाला नाही, पण हे तत्त्व देशाला मिळालं.

निकष जाहीर असूनही तो ऐन वेळी वाकवता येतो, याचं उदाहरण दूरसंचारातल्या टू-जी स्पेक्ट्रम परवान्यांचं. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हा नियम ऐकायला निर्विवाद आहे. अर्जांची शेवटची तारीख 1 ऑक्टोबर 2007 सांगितली होती. 25 सप्टेंबरपर्यंतचेच अर्ज विचारात घेतले, हे 10 जानेवारी 2008 रोजी जाहीर झालं. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 122 परवाने रद्द केले. आकडा आणि तारीख असली की निर्णय वस्तुनिष्ठ होतो, या समजाला हा निकाल पुरेसं उत्तर आहे. निकष आधी ठरलेला हवा, आणि खेळ सुरू झाल्यावर तो हलवता कामा नये.

आणि काही ठिकाणी आकडा लावूच नये, हेही मान्य करायला हवं. फाशीच्या शिक्षेबाबत 1980 मध्ये घटनापीठानं गुन्ह्यांचा ठोकळेबाज तक्ता करायचं नाकारलं. दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच ही शिक्षा, असं सांगताना गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराच्या परिस्थितीकडं पाहायला न्यायाधीशाला सांगितलं. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आणि हजारो गावांच्या मदतीचा प्रश्न यांना एकच पद्धत चालणार नाही. पण कारणं लिहून देण्याचं बंधन दोन्हीकडं सारखंच आहे.

मग आपण मागायचं काय? चार गोष्टी. पहिली, ज्या आकड्यावर मदत ठरते तो आकडा, कोणत्या यंत्रानं आणि कुठं मोजला यासह, ग्रामसभेत वाचून दाखवावा. दुसरी, पर्जन्यमापक बंद असेल किंवा नसेल, तर त्याचा तोटा शेतकऱ्याच्या माथी मारू नये; शंकेचा फायदा त्याला मिळावा. तिसरी, यादी अंतिम होण्याआधी हरकतीसाठी ठरलेली मुदत असावी आणि प्रत्येक हरकतीला लेखी, कारणांसह उत्तर मिळावं. चौथी, पन्नास पैशांसारख्या एकाच रेघेऐवजी मदत पायऱ्यापायऱ्यांनी ठरावी, म्हणजे दोन पैशांच्या फरकानं कोणी सगळंच गमावणार नाही.

यातलं काहीही अशक्य नाही. उपग्रह आहे, संगणक आहे, ग्रामसभा तर कायद्यानंच दिलेली आहे. उणीव आहे ती आपल्या विचारण्याची. येत्या हंगामात आपापल्या मंडळाचा पाऊस कुठं मोजला जातो, ते यंत्र चालू आहे का आणि पैसेवारीचा आकडा कसा निघाला, हे तलाठ्याला आणि तहसीलदाराला लेखी विचारा. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आपल्या हाती आहे. गावागावातून असे अर्ज जाऊ लागले, तर निकष लावताना अधिकाऱ्याला माहीत असेल की आपला हिशेब तपासणारं कोणीतरी आहे.