आधी शस्त्रत्याग, मग व्यापार



व्यापार वाढला की वैर आपोआप ओसरते, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते आणि दाखला दिला जातो तो युरोपचा. तो दाखला आज आपण नीट तपासून पाहू.

१८७० ते १९४५ या काळात फ्रान्स आणि जर्मनी तीनदा रणांगणावर समोरासमोर आले. दुसरे महायुद्ध संपून अवघी पाच वर्षे झाली असताना, ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला : दोन्ही देशांचे कोळसा आणि पोलाद उत्पादन एका सामाईक प्राधिकरणाच्या हाती सोपवावे. शुमान स्वतः जन्माने जर्मन नागरिक, पुढे फ्रेंच झालेले. सीमाप्रदेशाचे दुःख त्यांना ठाऊक होते. तोफा-रणगाड्यांचा कच्चा मालच सामाईक झाला, तर गुपचूप युद्धसज्ज कोण होणार? १९५१ मध्ये पॅरिस येथे सहा देशांनी या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. आजचा युरोपीय संघ हा त्याच बीजाचा वृक्ष होय.

परंतु ते बीज कोणत्या भूमीत रुजले? नाझीवाद पराभूत झाला होता, न्यूरेंबर्गला युद्धगुन्हेगारांना शिक्षा झाल्या होत्या आणि जर्मनीचे नवे नेतृत्व युद्धाचा मार्ग सोडण्यास सिद्ध होते.

आपला अनुभव काय सांगतो? भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला व्यापारात सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा दर्जा दिला. पाकिस्तानने तो भारताला दिला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये सलामाबाद आणि चकां-दा-बाग येथून नियंत्रणरेषेपलीकडे वस्तूच्या बदल्यात वस्तू असा शुल्कमुक्त व्यापार सुरू झाला. पुढच्याच महिन्यात मुंबई रक्तबंबाळ झाली. तरीही आपण तो व्यापार चालू ठेवला. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, भारताने तो दर्जा काढून घेतला. या मार्गाचा वापर शस्त्रे, अमली पदार्थ आणि बनावट चलन आणण्यासाठी होत असल्याचे सांगत सरकारने एप्रिलमध्ये नियंत्रणरेषेवरील व्यापारही थांबवला. त्यात काश्मीरमधील ट्रकचालकांची, हमालांची, छोट्या व्यापाऱ्यांची रोजी बुडाली. ती आपलीच माणसे आहेत. त्यांची झळ आपल्यालाही लागली पाहिजे.

शेजाऱ्याशी व्यापार नकोच, असे माझे म्हणणे नाही. व्यापार शांततेला बळकटी देतो, हे युरोपने सिद्ध केले आहे. मात्र शांततेची इच्छा तो निर्माण करू शकत नाही. पाठीमागे शस्त्र लपवणाऱ्या हाताला तराजू पेलत नाही. ते शस्त्र ज्या दिवशी खाली ठेवले जाईल, त्या दिवशी सलामाबादचे फाटक उघडायला भारताने क्षणाचाही विलंब लावू नये.