कोणत्या सिनेमाला जास्त घाबरलात?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी चाकण भागातल्या बचत गटांचं काम बघणारी, तुमच्यातलीच एक. एरवी मी तुमच्याशी हप्ते, कर्ज, वह्या आणि ग्रामसंघ यांवर बोलते. आज सिनेमावर बोलणार आहे, तेही भुताच्या सिनेमावर. हसू नका. आधी ऐका, आणि मग तुम्हीच सांगा हा विषय बचत गटाचा आहे की नाही.

झालं असं, की भर पावसाळ्यात एका गावात आमच्या गटाची बैठक होती. वेळ संध्याकाळी साडेसातची. आमच्याकडे बैठका उशिराच होतात, कारण निम्म्या बायका कंपनीत जातात. पाळी सुटणार, बस येणार, घरी चार भाकरी टाकणार आणि मग त्या येणार. समाजमंदिरात सतरंजी टाकली, हप्त्याचे पैसे मोजायला घेतले आणि लाईट गेली. पाऊस तर असा, की पायरी उतरता येईना. मोबाईलच्या उजेडात पैसे मोजायला अध्यक्षताई तयार नव्हत्या. म्हणाल्या, "एक नोट इकडची तिकडं झाली तर रातभर झोप यायची नाय मला."

मग बसलो तशाच. कोणीतरी म्हणालं, भुताची गोष्ट सांगा. दुसरी म्हणाली, गोष्ट नको, कोण कुठल्या सिनेमाला जास्त घाबरलं ते सांगा. आम्ही बारा जणी होतो. फेरी सुरू झाली.

पहिल्यांदा बोलल्या आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू. त्यांनी सांगितला 'पुराना मंदिर'. रामसे बंधूंचा, 1984 सालचा. काकूंच्या गावात गणपतीत भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणायचे, रात्रभर तीन-तीन सिनेमे लावायचे. त्या सिनेमात सामरी नावाचा सैतान आहे. राजा त्याचं मुंडकं तोडून धडापासून वेगळं ठेवतो आणि सामरी मरताना शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आम्ही म्हटलं, काकू, त्या सामरीचं तोंडच तसलं होतं, कोणीही घाबरेल. काकू म्हणाल्या, "सामरीला कोण घाबरतंय! मला तवा सातवा महिना होता. माझी थोरली भन बाळंतपणातच गेली होती. सिनेमा बघून आले आन् दोन महिने झोपले नाय. घरीच सुईणीच्या हातनं व्हायचं सगळं. मला वाटायचं, तो शाप आमच्याच घराला हाय."

सगळ्या गप्प झाल्या. मग एका तरुण ताईने वातावरण हलकं केलं. तिचा सिनेमा 'झपाटलेला'. महेश कोठारेंचा, 1993 चा. लक्ष्मीकांत बेर्डे, आणि रामदास पाध्यांचा तो बाहुला, तात्या विंचू. सिनेमा खरं म्हणजे हसवायचा, पण लहानपणी ते बाहुलं बघून किती जणींची गाळण उडाली होती ते हात वर करून मोजलं, तर आठ निघाल्या! या ताईच्या मामाने तेव्हाच जत्रेतून तिला बाहुली आणली. ती रडायला लागली म्हणून आईने बाहुली उचलून कणगीत टाकली. झालं, पोरगी महिनाभर कणगीतून जोंधळे काढायला जाईना. अंधारात सगळ्या इतक्या हसल्या, की बाहेरून जाणारा एक जण थांबून डोकावून गेला.

मग लातूरकडची एक ताई बोलली. लग्न होऊन इकडे आली, नवरा कंपनीत कंत्राटी कामाला, राहायला दहा बाय दहाची भाड्याची खोली. तिचा सिनेमा रामगोपाल वर्मांचा 'भूत', 2003 चा. उर्मिला मातोंडकरने त्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या बायकोचं काम केलंय. ताई म्हणाली, "नवरा तिसऱ्या पाळीला गेला की मी आतून कडी लावायचे आणि दाराला पाटा टेकवून ठेवायचे." कोणीतरी चेष्टा केली, अगं, भुताला दार लागतंय होय? ती म्हणाली, "भुतासाठी नव्हताच तो पाटा. शेजारच्या खोल्यांत दर महिन्याला नवी माणसं यायची. कोण कुठलं, काय माहीत नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, गावाकडं जा. म्हणून मी सांगायचे, सिनेमा बघितलाय, भुताचं भ्या वाटतंय."

मैत्रिणींनो, इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं, की आपण सिनेमाबद्दल बोलतच नाही आहोत.

चौथी ताई मूळची इथलीच, बागायतदाराच्या घरातली. तिने सांगितला 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा, 2018 चा. सिनेमा हिंदी आहे, पण गोष्ट आपल्या कोकणातल्या तुंबाड गावातली. ज्यांनी बघितला नसेल त्यांना थोडक्यात सांगते. हस्तर नावाचा एक देव असतो. त्याला सोनंही हवं असतं आणि धान्यही. सोनं त्याच्याकडे राहतं, पण धान्य मिळत नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. एक माणूस कणकेची बाहुली घेऊन त्याच्या विवरात उतरतो. हस्तर ती कणीक खायला धावतो आणि तेवढ्यात हा त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मोहरा काढून घेतो. पुढे तो आपल्या लहान पोरालाही तेच शिकवतो. सिनेमाभर पाऊस आणि चिखल.

ही ताई म्हणाली, "माझी सासरची जमीन एमआयडीसीत गेली. पैसा आला तेव्हा घरात दिवाळी होती. बंगला झाला, मोठी गाडी झाली, भावाभावांत वाटण्या झाल्या, मग कोर्ट झालं. गाडी विकली. आता मी ज्या कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटते, ती आमच्याच शिवारात आहे. आमचा कांदा चाकणच्या बाजारात जायचा. आता कांदा मी विकत आणते. सिनेमात तो हस्तर सोन्यावर बसून भुकेला ओरडायला लागला ना, तेव्हा मी टीव्ही बंद केला. पोरं म्हणाली, आई घाबरली. घाबरलेच होते मी."

तिच्या नंतर दोघी-तिघींनी लहान-मोठे किस्से सांगितले. 'आहट' मालिका लागली की गोधडीत तोंड घालणाऱ्या तर सगळ्याच होतो. मग फेरी माझ्यापाशी आली आणि मी सांगितला 'लपाछपी'.

हा आपला मराठी सिनेमा, 2017 चा. दिग्दर्शक विशाल फुरिया. पूजा सावंतने त्यात गरोदर बाईचं काम केलंय. देणेकऱ्यांच्या भीतीने नवरा-बायको शहर सोडून पळतात आणि उसाच्या फडात लपलेल्या एका घरात आसऱ्याला येतात. त्या घरात तुळसाबाई असते. ते काम उषा नाईक यांनी केलंय. ती तिला खाऊपिऊ घालते, तिची काळजी घेते. मग उसात लहान पोरं दिसायला लागतात, कोणीतरी लपाछपी खेळतंय असं वाटतं. ज्यांनी बघितला नाही त्यांची माफी मागून पुढचं सांगते, कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. शेवटी उलगडतं, की भीती त्या पोरांची नाही. त्या घरात मुलगी जगू द्यायची नाही अशी रीत आहे आणि ती रीत राखणारी तीच गोड बोलणारी म्हातारी आहे. याच दिग्दर्शकाने 2021 साली 'छोरी' नावाने तो हिंदीतही केला.

मी तो फोनवर एकटीने बघितला होता, नवरा रात्रपाळीला असताना. मला एक मुलगी आहे. "आता दुसऱ्याचं बघा" हे मी दर सणाला ऐकते. म्हणून असेल, पण मला त्या उसापेक्षा त्या म्हातारीच्या हातच्या जेवणाची भीती वाटली. असं मी बोलले आणि फेरी पुढच्या ताईकडे गेली.

ती ताई काही बोलेना. गटात दहा वर्षं आहे, हप्ता कधी चुकवला नाही आणि कधी जास्त बोललीही नाही. मला वाटलं, तिने सिनेमे बघितले नसतील. पुढे जाऊया म्हटलं, तर ती म्हणाली, "थांबा. मी बघितलाय तो."

आता मी जे सांगते ते तिला विचारून सांगते. नाव आणि गाव सांगणार नाही.

ती म्हणाली, "माझ्या दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेले. आदल्या रात्री सासूबाईंनी माझ्या डोक्याला तेल लावलं. पुरणाची पोळी केली, तूप वाढलं. सकाळी गाडी आली. कुठं गेलो, कोण डॉक्टर, मला गावाचं नावसुद्धा सांगितलं नाही. तपासणी झाली आणि दोन दिवसांनी सगळं झालं. सासूबाई वाईट नव्हत्या हो. धाकटीच्या वेळी मला कावीळ झाली, तेव्हा त्यांनीच मला उचलून दवाखान्यात नेलं होतं. म्हणून तर मला नाही म्हणता आलं नाही. त्या सिनेमातली म्हातारी ताट वाढायला लागली आणि मला तेलाचा वास आला."

तो पाऊस, तो अंधार. एकमेकींची तोंडं दिसत नव्हती, म्हणूनच ती बोलली असावी असं मला वाटतं. काकूंनी तिचा हात धरला होता, ते लाईट आल्यावर दिसलं.

पण ताई पुढे म्हणाली, "मी हे आज का सांगते? माझ्या जावेच्या सुनेला येत्या सोमवारी नेणार आहेत. पहिली मुलगी आहे तिला. मी आठ दिवस गप्प बसलेय."

त्या दिवशी गुरुवार होता.

आम्ही काय केलं ते सांगते. खूप मोठं काही केलं नाही. शनिवारी अध्यक्षताई, आशाताई आणि मी त्यांच्या घरी गेलो. आशाताई गरोदर बाईच्या घरी जातातच, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. त्यांनी कार्ड भरायचं म्हणून सुनेला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं. ती एवढंच म्हणाली, "मला जायचं नाही, पण मी बोलले तर मला माहेरी पाठवतील." मग आम्ही बाहेर बसलेल्या सासूबाईंशी बोललो. आधी पाणी प्यालो, नातीचं कौतुक केलं आणि मग स्पष्ट सांगितलं.

तेच तुम्हालाही सांगते, कारण बऱ्याच जणींना हे नीट माहीत नसतं. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा 1994 चा आहे. तपासणी करणारा डॉक्टर दोषी आणि ती करायला लावणारे घरचेही दोषी. पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि करायला लावणाऱ्याला 50 हजार रुपयांपर्यंत दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या बाईला जबरदस्तीने नेलं तिला हा कायदा गुन्हेगार धरत नाही. घरच्यांनी तिला भाग पाडलं, असंच तो आधी धरून चालतो. दुसरी गोष्ट, गर्भपात मुळातच गुन्हा आहे असं समजू नका. कायद्यात बसणाऱ्या कारणासाठी, नोंदणीकृत दवाखान्यात, बाईच्या संमतीने तो करता येतो. मुलगी आहे म्हणून करणं हा गुन्हा.

सासरे ओरडले. आमच्या घरात तुम्ही कोण, म्हणाले. अध्यक्षताई म्हणाल्या, "आम्ही गटातल्या बाया. सोमवारी परत येतो चहाला." आणि खरंच गेलो. गाडी आली नव्हती. त्या सुनेला आता आठवा महिना आहे. मुलगा की मुलगी ते आम्हाला माहीत नाही आणि तिलाही नाही. आमच्या ताईशी मात्र तिची जाऊ तेव्हापासून बोलत नाही, हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. ताईला विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, "वाटतं. पण झोप येते."

2001 च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या 1000 मुलग्यांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये 894 झाल्या. हे आकडे मी प्रशिक्षणात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलेत. त्या बैठकीनंतर ते लिहिताना मला त्यात आमची ताई दिसते. कधीकधी तिला तेल लावणारे हातही दिसतात.

तर मैत्रिणींनो, एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं लाईट बंद करा आणि ही फेरी घ्या. कोणत्या सिनेमाला जास्त घाबरलात, एवढंच विचारा. "घरात काही त्रास आहे का" असं विचारलं तर बाई "नाही" म्हणते. सिनेमाचं विचारलं तर सांगते. तीन गोष्टी मात्र पाळा. जिला बोलायचं नाही तिला बोलायला लावू नका. खोलीत ऐकलेलं बाहेर नेऊ नका. आणि कोणी आज चालू असलेला त्रास सांगितला, तर तो ऐकून नुसत्या घरी जाऊ नका. आशाताई आहेत, महिलांसाठी 181 नंबर आहे, जिवावर बेतलं तर 112 आहे. आणि गटातल्या अकरा जणी तर आहेतच.

हो, त्या रात्री लाईट साडेनऊला आली. पैसे मोजले, बरोबर भरले. एकही नोट इकडची तिकडं झाली नव्हती.