तेंदूच्या हंगामातली परीक्षा

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



चैत्र सरत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील घरे पहाटेच रिकामी होतात. मोहफुले वेचून संपतात न संपतात, तोच तेंदूपानांचा हंगाम दारात उभा राहतो. पहाटे जंगलात जायचे, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि सायंकाळी ते फळीवर मोजून द्यायचे. अनेक घरांच्या वर्षभराच्या रोख मिळकतीचा मोठा वाटा या थोड्या दिवसांत हाती येतो. आणि नेमक्या याच दिवसांत वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा येते. २०२३ साली ती ७ मे रोजी झाली, २०२४ साली ५ मे रोजी, २०२५ साली ४ मे रोजी. वेळापत्रक आखणाऱ्याच्या मनात काही वाकडे असते असे नव्हे; त्याच्या पंचांगात तेंदूपान नाही, इतकेच.

चंद्रपूरकडे वळले तर चित्र निराळे, पण अडचण तीच. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी, औष्णिक वीज केंद्र. येथे दिवस घड्याळाने नव्हे, पाळीने मोजला जातो. बारावी होताच घरासाठी कंत्राटी कामाला लागलेला तरुण किंवा उपकेंद्रात राबणारी परिचारिका डॉक्टर होण्याचे स्वप्न बाळगते, तेव्हा आजूबाजूचे लोक दोनच उत्तरे देतात. एक, ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे.’ दुसरे, ‘जिद्द असेल तर सारे शक्य आहे.’ पहिले उत्तर क्रूर आहे आणि दुसरे आळशी आहे. या दोहोंच्या मध्ये हिशेब नावाची एक गोष्ट असते. ती मांडली पाहिजे.

आठ तासांचे काम, जाण्या-येण्याचे दोन तास, सात तासांची झोप आणि घरची कामे वजा जाता नोकरदाराच्या हाती रोजचे तीन तास उरतात. सहा दिवसांचे अठरा आणि सुटीच्या दिवसाचे आठ, असे आठवड्याचे सव्वीस. वर्षाचे सुमारे तेराशे. शिकवणी वर्गात राहून रोज दहा तास अभ्यास करणारा विद्यार्थी तीनशे दिवसांत तीन हजार तास गाठतो. म्हणजे नोकरदाराने त्याच्याशी एका वर्षाची शर्यत लावली, तर ती आरंभीच हरलेली असते. त्याने दोन वर्षांचा, प्रसंगी त्याहून थोडा अधिक नेम धरावा. यात कमीपणा नाही. पूर्वी खुल्या वर्गाला २५ आणि राखीव वर्गाला ३० अशी कमाल वयोमर्यादा आड येत असे. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकली. ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० साली, वयाच्या ६४ व्या वर्षी, ही परीक्षा उत्तीर्ण होऊन एमबीबीएसला प्रवेश घेतला. दार उघडे आहे. चालण्याचा वेग ज्याचा त्याने ठरवायचा आहे.

तास थोडे असले की त्यांची वाटणी महत्त्वाची ठरते. प्रश्नपत्रिका १८० प्रश्नांची आणि ७२० गुणांची. त्यांपैकी ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, एकट्या जीवशास्त्राचे आहेत. हा विषय तुकड्या-तुकड्यांनी वाचता येतो. बसची वाट पाहताना, जेवणाच्या सुटीत, पाळी सुरू होण्याआधी. भौतिकशास्त्राची गणिते मात्र सलग वेळ मागतात. ती सुटीच्या दिवशी सकाळी घ्यावीत. रात्रपाळी करून आल्यावर नवा धडा उघडू नये. आधी झोप, मग पुस्तक. पुस्तकांचा ढीगही नको. अकरावी-बारावीची ‘एनसीईआरटी’ची पुस्तके आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा वाचणारा, दहा मार्गदर्शिका चाळणाऱ्याच्या पुढे जातो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

आणखी एक सत्य पालकांनी समजून घ्यावे. ‘पात्र’ होणे आणि ‘प्रवेश’ मिळणे यांत मोठे अंतर आहे. २०२५ साली २२ लाखांहून अधिक मुले परीक्षेस बसली, १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. देशभरात एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्या वर. म्हणून हातची नोकरी एकाएकी सोडून कर्ज काढून मोठ्या शहराची वाट धरण्याआधी दहा वेळा विचार व्हावा. दुसऱ्या प्रयत्नानंतर गुण कोठे पोहोचले, हे डोळे उघडे ठेवून पाहावे. याच परीक्षेतून आयुर्वेदाचा मार्ग खुला होतो. परिचर्येची पदवी आहे. हे मार्ग हलके नव्हेत. रुग्णाच्या उशाशी बसणारा प्रत्येक जण तेथे हवा असतो.

या जिल्ह्यांना तर त्यांची गरज अधिकच. हिवताप आणि सिकलसेल येथे घरोघरी ठाऊक असलेली नावे आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. १९७३ साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा बाहेरून आलेल्या डॉक्टरांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. पुढे त्याच प्रकल्पाच्या शाळेत शिकलेली माडिया मुले डॉक्टर झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतील साध्या स्त्रियांना नवजात बाळांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले आणि त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शेती-मजुरी सांभाळणाऱ्या हातांना वैद्यकाचे ज्ञान पेलत नाही, हा समज त्या स्त्रियांनीच मोडून काढला.

शासनाने आपला वाटा काही अंशी उचलला आहे. चंद्रपूरला २०१५ साली आणि गडचिरोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रश्न आता असा आहे की, त्या इमारतींच्या वर्गांत धानोरा, एटापल्ली, जिवती, कोरपना येथली मुले किती बसणार? पुण्याच्या बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या उपक्रमातून दुर्गम भागातील वनवासी मुलांची तयारी करून घेतली. स्वतः शिकत असलेली मुले हे करू शकतात, तर स्थिरस्थावर झालेल्या समाजाला सबब कोणती?

समाजाने करावयाची कामे लहान आहेत. गावात रात्री दहापर्यंत उघडी राहणारी, दिवा असलेली एक खोली. मुकादमाने परीक्षेच्या महिन्यात एखाद्या कामगाराची पाळी बदलून देणे. निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून एक संध्याकाळ भौतिकशास्त्रासाठी देणे. सुनेने पुस्तक हाती घेतले, तर सासूने चुलीपाशी बसणे.

एकलव्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्याची साधना सांगताना आवाज भरून येतो. अंगठ्यापाशी आले की कथा घाईने आवरती घेतली जाते. आजच्या एकलव्याकडे कोणी अंगठा मागत नाही. मात्र परीक्षेसाठी त्याला हंगामाची मजुरी सोडावी लागते आणि ती किंमत त्याचे घर मुकाट्याने भरते. येत्या हंगामात एखाद्या परीक्षार्थीच्या घरचे पाच दिवसांचे पुडे शेजाऱ्यांनी मिळून बांधून द्यावेत. एवढे झाले, तरी आजचे बोलणे वाया गेले असे होणार नाही.