सडक्या लाकडातला उजेड

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात पावसाची झड लागून राहते आणि रानातले पडके लाकूड बोटाने दाबले तरी पाणी सोडू लागते, त्या दिवसांत भीमाशंकरसारख्या दाट जंगलात रात्रीच्या वेळी जमिनीलगत एक फिकट उजेड दिसतो. तो काजव्यासारखा लुकलुकत नाही, जागा सोडत नाही आणि हाताला ऊबही लागू देत नाही. जवळ जाऊन पाहिले, तर कुजलेली काटकी, सालीचा एखादा ढलपा किंवा पाचोळ्यातले पान आपल्या पूर्ण आकारानिशी उजळलेले असते. तीच काटकी विजेरीच्या झोतात धरली, की ती शेजारच्या इतर काटक्यांइतकीच काळपट आणि बुळबुळीत दिसते, आणि दिवसाउजेडी त्याच पायवाटेने गेलेल्या माणसाला आपण कशाला ओलांडून गेलो याचा पत्ताही लागत नाही. असा थंड उजेड पूर्वी भुताटकीच्या खात्यावर जमा झाला असेल, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

उजेड लाकडाचा नसून लाकूड खाणाऱ्या बुरशीचा असतो. बुरशी म्हटले की डोळ्यांपुढे छत्री उभी राहते, परंतु छत्री हे बुरशीचे केवळ फळ होय. तिचा खरा देह म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले, केसाहूनही बारीक तंतूंचे जाळे, ज्याला शास्त्रात कवकजाल म्हणतात. सह्याद्रीत दिसणाऱ्या या प्रकाशाचा संबंध बहुधा ‘मायसीना’ या प्रजातीशी जोडला जातो. तिच्या काही जातींत छत्री आणि कवकजाल दोन्ही प्रकाशतात, तर काहींत फक्त कवकजाल. छत्री कोठेही दिसत नसताना नुसती काटकीच उजळलेली आढळते, याचा उलगडा येथे होतो. सजीवाने आपल्या शरीरातील रासायनिक क्रियेने प्रकाश निर्माण करणे याला जीवदीप्ती म्हणतात, आणि बुरशीच्या ज्ञात जातींपैकी जेमतेम शंभर-सव्वाशे जातींत ती आजवर आढळली आहे.

या प्रकाशाची नोंद ॲरिस्टॉटलच्या लेखनातही सापडते, पण त्याला पहिला नेमका प्रश्न विचारला तो रॉबर्ट बॉइलने. १६६७ साली त्याने चमकणाऱ्या लाकडाचा तुकडा काचेच्या पात्रात ठेवून आतली हवा पंपाने काढून घेतली. हवा विरळ होत गेली तसा उजेड मंदावत गेला आणि हवा पुन्हा आत सोडताच तो परतला. ऑक्सिजनचा शोध लागायला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे अवकाश होता आणि लाकडात बुरशी आहे हेही बॉइलला ठाऊक नव्हते. तरीही या प्रकाशाला हवा लागते ही त्याने निश्चित केलेली गोष्ट आजच्या रसायनशास्त्रातही जशीच्या तशी टिकून आहे.

दुसरी घटना ब्राझीलमधली आहे आणि ती अधिक बोधक आहे. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज गार्डनर १८३९ च्या डिसेंबरातील एका रात्री नातिव्हिदादे या गावाच्या रस्त्यावरून जात असता, त्याला काही मुले एका चमकत्या वस्तूशी खेळताना दिसली. प्रथम त्याला तो मोठा काजवा वाटला. प्रत्यक्षात ती एका खुज्या ताडवर्गीय झाडाच्या कुजत्या पानांवर उगवणारी भूछत्रे होती आणि गावकरी त्यांना नारळाचे फूल म्हणत. म्हणजे गावाला ती माहीत होती, मुलांच्या तर ती खेळण्यातली होती. माहीत नव्हती ती केवळ शास्त्राला. गार्डनरने नमुने जपून इंग्लंडला पाठवले आणि तेथे त्या जातीला त्याचेच नाव मिळाले. पुढे मात्र ही बुरशी शास्त्रज्ञांच्या नजरेतून दीडशेहून अधिक वर्षे निसटली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा हाती आली तेव्हा तिचे वर्गीकरण नव्याने करून २०११ साली ‘निओनोथोपॅनस गार्डनेरी’ हे नाव देण्यात आले.

बुरशी उजळते कशी, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत जवळजवळ पूर्णपणे मिळाले आहे. प्रकाश देणाऱ्या द्रव्याला सर्वसाधारणपणे ल्युसिफेरिन म्हणतात, आणि त्याची क्रिया घडवून आणणाऱ्या विकराला, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेला गती देणाऱ्या प्रथिनाला, ल्युसिफेरेज म्हणतात. बुरशीतील ल्युसिफेरिनची ओळख २०१५ साली पटली. २०१८ साली त्यामागची सगळी साखळी उलगडली. कॅफेइक आम्ल हे अनेक वनस्पतींत आढळणारे द्रव्य. त्याच्यापासून बुरशी हिस्पिडिन नावाचे संयुग बनवते, त्याचे रूपांतर ल्युसिफेरिनमध्ये करते, आणि ल्युसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार झालेले अस्थिर संयुग मोडताना कार्बन डायऑक्साइडबरोबर सुमारे ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. उरलेल्या द्रव्यापासून पुन्हा कॅफेइक आम्ल बनते आणि चक्र सुरू राहते. या चक्राचा उलगडा इतका पक्का आहे, की बुरशीची ही जनुके तंबाखूच्या रोपांत घालून ती रोपे स्वतःच्या बळावर उजळवण्यातही संशोधकांना २०२० साली यश आले.

मात्र बुरशी उजळते कशासाठी, हा प्रश्न विचारला की एवढी सारी सिद्धता तोकडी पडते. बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म पुनरुत्पादक कण, दूरवर पोचावेत म्हणून ती रात्री कीटकांना बोलावते, असा एक तर्क आहे. जंगलाच्या तळाशी वारा फारसा फिरकत नसल्याने तो पटण्याजोगाही वाटतो. गार्डनरच्या बुरशीवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या तर्काला बळ दिले: तिची प्रकाश देण्याची क्षमता शरीरातील घड्याळाच्या नियंत्रणाखाली असून ती रात्री वाढते, आणि हिरवे दिवे बसवलेल्या, गोंद फासलेल्या कृत्रिम छत्र्यांना बिनदिव्यांच्या छत्र्यांपेक्षा अधिक कीटक चिकटले. पण लगेच पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातील एका वेगळ्या प्रकाशमान बुरशीवरच्या प्रयोगात कीटकांचा असा ओढा दिसला नाही. शिवाय ज्या जातींचे फक्त कवकजाल उजळते, आणि तेही पुष्कळदा सालीखाली दडून, त्यांच्याबाबत हा तर्क मुळातच लागू पडत नाही, कारण कवकजालाच्या त्या भागात पसरवायला बीजाणूच नसतात.

दुसरा तर्क असा, की प्रकाश हा हेतू नसून उपफळ आहे. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन फोडताना बुरशीच्या पेशींना घातक ऑक्सिडीकारक द्रव्यांना तोंड द्यावे लागते, आणि ती निपटून काढण्याच्या खटाटोपात प्रकाश आपसूक बाहेर पडत असावा. जनुकांच्या अभ्यासावरून असे दिसते, की ही क्षमता सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी एका सामाईक पूर्वजात उगम पावली आणि पुढे त्याच्या वंशातील बहुतेक शाखांनी ती गमावली. जी गोष्ट इतक्यांनी सहज टाकून दिली ती जगण्यासाठी अनिवार्य असणे कठीण. पण जी काहींनी इतका प्रदीर्घ काळ सांभाळली ती निव्वळ निरर्थक मानणेही कठीण. सर्व जातींना एकच कारण लागू करण्याचा आग्रहच बहुधा चुकीचा असून, निरनिराळ्या जातींनी हा जुना वारसा निरनिराळ्या कामांना जुंपला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या प्रकाशाच्या छायाचित्रांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. कॅमेऱ्याचे शटर कित्येक सेकंद, कधी मिनिटे, उघडे ठेवून टिपलेल्या चित्रात रान हिरवेगार पेटलेले दिसते. डोळ्यांना मात्र ते तसे कधीच दिसत नाही. मंद प्रकाशात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरील शलाकापेशी करतात, त्यांना रंगाचे ज्ञान नसते, आणि त्या पूर्ण कार्यक्षम होण्यास अंधारात वीस ते तीस मिनिटे जावी लागतात. म्हणून हा उजेड पांढुरका, धुरकट भासतो, आणि दृष्टीच्या मध्यबिंदूपाशी शलाकापेशी नसल्याने त्याच्याकडे रोखून पाहण्यापेक्षा किंचित बाजूला पाहिले असता तो अधिक स्पष्ट दिसतो. मोबाइलचा दिवा एकदा लागला की ही सारी तयारी वाया जाते. छायाचित्रे पाहून रानात गेलेल्या आणि विजेऱ्या नाचवत परतलेल्या अनेकांच्या पदरी निराशा पडते ती यामुळेच.

ही बुरशी सर्वस्वी मेलेल्या लाकडावर आणि ओल्या पाचोळ्यावर जगते. पडलेले झाड म्हणजे कचरा, ही समजूत ज्या जंगलात रुजते आणि सरपण किंवा साफसफाई म्हणून तेथील लाकूड उचलले जाते, तेथून हा प्रकाश मुकाट्याने नाहीसा होतो. पर्यटकांनी चमकणारी साल सोलून पिशवीत घालून नेण्यानेही तेच घडते, आणि घरी पोचेपर्यंत ती वाळून विझलेली असते. तेव्हा पावसाळ्यात रानात जाणाऱ्यांनी वनखात्याची परवानगी घेऊन आणि जाणत्या स्थानिक वाटाड्याला सोबत ठेवूनच रात्री जावे, दिवे मालवून अर्धा तास थांबावे, लाकडाला हात लावू नये. आणि उजेड दिसलाच, तर दिवस, पावसाची स्थिती, लाकूड कोणत्या झाडाचे होते आणि जवळपास छत्री उगवली होती का, एवढ्या चार गोष्टी लिहून जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे अवश्य पोचवाव्यात.