यंत्राचा शब्द आणि बाईचा शब्द

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेली मांडणी)



संगणकाचा विषय निघाला की ‘ते इंजिनिअर लोकांचं काम’ असं म्हणून आपण बाजूला होतो. पण जे यंत्र चुकलं तर माणूस दगावतं, त्याच्या पोटात कोणी काय लिहून ठेवलंय हा प्रश्न एकट्या इंजिनिअरांचा कसा?

१९८५ सालची अमेरिकेतली घटना घ्या. जॉर्जिया राज्यात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली एक बाई किरणोपचारासाठी आली. यंत्राचं नाव थेरॅक-२५. उपचार सुरू होताच तिला भाजलं. तिने तिथल्या तिथे सांगितलं. उत्तर मिळालं, असं होणं शक्यच नाही. पुढे अंदाज काढला तेव्हा कळलं, सुमारे २०० रॅडऐवजी तिला १५ ते २० हजार रॅड मिळाले असावेत. तिचा स्तन काढावा लागला, खांदा आणि हात लुळे पडले.

१९८७ पर्यंत अमेरिका आणि कॅनडात या यंत्राचे असे सहा अपघात झाले. किमान तिघांचा जीव गेला. आधीच्या यंत्रात चुकीचे किरण अडवायला सॉफ्टवेअरपासून वेगळी सुरक्षा व्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये दोन अपघात झाले. तिथल्या भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणारीने पुन्हा पुन्हा प्रयोग करून दोष पकडला. पडद्यावरची नोंद भरभर दुरुस्त केली, की पडद्यावर बदल दिसे, पण यंत्राची आतली जुळणी मागेच राही. म्हणजे रोजच्या कामातून हात सराईत झालेल्या बाईच्या वेगाचा विचार यंत्र बनवताना झालाच नव्हता.

आता दुसरी बाई. कॅरन सँडलर या अमेरिकन वकील. हृदयविकारामुळे त्यांच्या छातीत डिफिब्रिलेटर बसवायचा होता. आपल्या शरीरात चालणारं सॉफ्टवेअर बघू द्या, असं त्यांनी कंपन्यांकडे मागितलं. नकार मिळाला. पुढे त्या गरोदर राहिल्या. गरोदरपणात अनेकींची धडधड वाढते, तशी त्यांचीही वाढली. यंत्राला तो धोका वाटला आणि त्याने त्यांना गरज नसताना विजेचे झटके दिले. बाईचं गरोदर असणं यंत्राच्या हिशेबात नव्हतं.

ही यंत्रं आज बिनतारी बोलतात. हृदयाची नोंद डॉक्टरकडे जाते, वाटेत कंपनीच्या संगणकातही साठते. ज्या वाटेने नोंद बाहेर जाते, त्या वाटेने परका आत येऊ शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांचं सॉफ्टवेअर याच भीतीपोटी दुरुस्त करायला लावलं. तोवर कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती, पण दार उघडं होतं. सॉफ्टवेअर दाखवा म्हटलं तर ते कंपनीचं गुपित. बाईच्या हृदयाची नोंद मात्र तिला न विचारता फिरते. गुपित कोणाचं राखायचं हे सत्ता कोणाकडे आहे त्यावर ठरतं, हे आपल्याला नवं नाही.

म्हणून आपण काय मागायचं? जिवाशी संबंध असलेल्या यंत्राचं सॉफ्टवेअर कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय ते वापरात येऊ नये. चाचण्यांत बाया, त्यातही गरोदर बायांच्या शरीरात होणारे बदल धरलेले असावेत. आपली नोंद कुठे साठते, कोण बघतं, हे बाईला तिच्या भाषेत सांगावं आणि मागितल्यास नोंद तिच्या हाती द्यावी.

आणि दवाखान्यात कुणासोबत गेलात तर एवढं नक्की करा. ती म्हणाली ‘मला भाजलं’, आणि यंत्र म्हणालं ‘सगळं ठीक’, तर तिचं म्हणणं केसपेपरवर तारीख-वेळेसह लिहायला लावा. चौकशी तिथूनच सुरू होते.