संशोधनाच्या दालनातील परके



जुन्नरजवळच्या हिवरे गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कंपनी सरकारची एक वनस्पती-बाग होती. दापोडीच्या बागेबरोबरच तिचीही देखरेख १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आली. त्यापूर्वी तो दख्खन व गुजरातेत देवी टोचण्याच्या कामावर होता. हिवऱ्यास औषधी वनस्पती लावून त्यांपासून सरकारी औषध-भांडारासाठी औषधे तयार केली जात. जुन्नर तालुक्यातील आरोग्य-संशोधनाच्या जुन्या कार्यस्थळांमध्ये या बागेची गणना करावी लागेल, आणि तिचा प्रमुख परदेशातून आलेला होता. त्याला सामावून घ्या, असे कोणी कोणास सांगण्याचा प्रश्नच नव्हता. सत्ता त्याच्याबरोबरच आली होती. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा जंगल-संरक्षकही झाला. दापोडीच्या बागेतील वनस्पतींची १८४७ ते १८५० या काळात काढलेली चित्रे आजही एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपून ठेवलेली आहेत. पण ती काढणाऱ्या चित्रकाराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. मग माती खणणाऱ्यांची आणि पाणी घालणाऱ्यांची कथा काय सांगावी?

सत्तेवाचून आलेल्या परक्याचे काय होते, हे हाफकिन यांच्या चरित्रात दिसते. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ. धर्म बदलला असता तर मायदेशी नोकरी मिळाली असती. तो बदलला नाही म्हणून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा पत्करावी लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, गावात बाटली उघडताना दूषण शिरले होते; पण हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. परका माणूस यश मिळवीपर्यंत शास्त्रज्ञ असतो. अपयश आले की तो पुन्हा परका होतो. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव दिले गेले खरे, परंतु तोवर ते हिंदुस्थान सोडून गेले होते.

त्याच संस्थेचे पहिले भारतीय संचालक १९३२ साली झाले ते साहिबसिंग सोखी. ते पंजाबातले. मुंबईने त्यांना परप्रांतीय ठरवून परत पाठविले असते, तर राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीला तसा अध्यक्ष लाभला नसता. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक हवा, ही शिफारस त्या उपसमितीची. आज ‘आशा’ म्हणून दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्तीची वैचारिक पूर्वपीठिका तेथे सापडते.

आता जुन्नर-आंबेगावच्या वर्तमानाकडे यावे. पूर्वेकडील शिवारे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर बागायती झाली. त्याच प्रकल्पातील डिंभे धरणाने घोड नदीच्या खोऱ्यातील आदिवासींच्या जमिनी बुडविल्या. भांडवल पाण्याकडे गेले आणि श्रम भांडवलामागे गेले. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर पहाटे उभे राहणाऱ्यांत अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातले, नाशिक जिल्ह्यातले आदिवासी असतात. टोमॅटोची तोडणी, कांद्याची लागवड, द्राक्षांची छाटणी, औषधफवारणी ही कामे त्यांच्या अंगावर. फवारणीने त्यांच्या फुप्फुसांचे काय होते, गरोदर मजूर स्त्रीच्या रक्तातील लोह किती, क्षयाचे औषध हंगामाबरोबर का तुटते, हेच या भागातील आरोग्य-संशोधनाचे खरे प्रश्न होत. पण अनेक पाहण्यांत ‘रहिवासी’ ठरविताना सहा महिन्यांच्या वास्तव्याचा निकष लावतात. पालावरचा माणूस तीन महिन्यांनी हलतो. म्हणजे तो गावी असताना मजुरीला गेलेला आणि मजुरीच्या गावी पाहुणा. दोन्हीकडच्या तक्त्यांतून निसटलेला.

तो निसटतो, कारण तक्ता भरणारा त्याच्यातला नसतो. ठाकर, कातकरी किंवा डांगी बोलणारी एखादी तरुणी सर्वेक्षक असती, तर तिने पहिल्याच दिवशी विचारले असते की पाल सकाळी सातला रिकामे होते, मग दहा वाजता तेथे कोणाची मुलाखत घ्यायची? हा प्रश्न पुण्याच्या कार्यालयात सुचत नाही. त्यात तिथल्या लोकांचा दुष्टपणा नाही; त्यांचा दिवस निराळा उगवतो, इतकेच.

येथे पक्षातीलच काही कार्यकर्ते आक्षेप घेतात: स्थानिक पदवीधर बेकार असताना बाहेरच्यांना जागा का? आक्षेप गंभीर आहे. त्यामागे घराघरांतली बेकारी आहे. परंतु बाहेरचा कोण? आहुप्याचा महादेव कोळी नारायणगावी मजुरीस आला तर तो एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात आलेला असतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य मजुरांपुरता होता. त्याने अशा माणसास स्थलांतरितही मानले नाही. आणि ज्या मराठी घरांतली मुले अमेरिकेच्या प्रयोगशाळांत मानाने काम करतात, त्यांनी तरी हा आक्षेप जपून घ्यावा.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने धोका दुसराच आहे. संस्था स्थलांतरितास घेतात तेव्हा पुष्कळदा स्वस्त म्हणून घेतात. अल्प मुदतीचा करार, प्रवासभत्ता नाही, अहवालावर नाव नाही. अशा भरतीने स्थानिकाचे वेतनही खाली ओढले जाते आणि दोघे एकमेकांवर उठतात. म्हणून मागणी नुसत्या प्रवेशाची नव्हे, तर समान वेतनाची, पूर्ण प्रकल्पकालाच्या नेमणुकीची आणि श्रेयाची असली पाहिजे. तशी मागणी झाली की स्थानिक पदवीधर व पालावरची तरुणी एकाच संघटनेत बसू शकतात. पालात जाऊन विश्वास मिळविण्याचे तिचे काम त्याला करता येणार नाही आणि आकडेमोडीचे त्याचे काम ती शिकू शकेल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आदिवासी व स्थलांतरित यांना ‘असुरक्षित’ गटांत धरतात आणि संशोधनात त्यांची विशेष काळजी घेण्यास सांगतात. ते योग्यच. मात्र तेथे हे लोक येतात ते संशोधनाचा विषय म्हणून. नैतिक समितीत एक सामान्य नागरिक असावा, असा दंडक आहे; ती खुर्ची जुन्नर-आंबेगावात होणाऱ्या अभ्यासांपुरती तरी मजूर अड्ड्यावरच्या माणसाला मिळावी, ही मागणी तालुका समित्यांनी आतापासून लावून धरावी. कांद्याच्या लागवडीला माणसे उतरली की पालांवर बैठका घेता येतील, आणि कोणतीही संस्था पाहणीसाठी आली तर तिच्या प्रश्नावलीआधी तिचा पगारपट पाहावयास मागता येईल.